सकाळी आठची हाक

खानदेशातून सुटलेली गाडी सुरतच्या उधन्याला लागते तेव्हा उतरणाऱ्यांत एक तरी असा असतो, ज्याला आपलं नाव आणि आपलं गाव यापलीकडे काही ठाऊक नसतं. मी नंदुरबारहून आलो तेव्हा त्यांतलाच होतो. मोबाइल नव्हते, पत्त्याची चिठ्ठी वाटेत कुठेतरी पडली होती. मी फलाटावर उभं राहून मोठ्याने विचारलं, “नंदुरबारकडचं कोणी आहे का?” एकाने मान वळवली. लिंबायतमधल्या खोलीचा पत्ता, तिथवरचा रस्ता, सकाळी कोणाला भेटायचं आणि भेटल्यावर काय मागायचं, एवढं त्याने सांगितलं. त्याचं नावही मी विचारलं नाही. त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

डिस्क नसलेल्या कॉम्प्युटरचं पहिलं मिनिट अगदी असंच जातं. वीज आली, नेटवर्क कार्ड जागं झालं. त्याला माहीत काय, तर स्वतःचा मॅक पत्ता, तयार होतानाच त्याच्यावर कोरलेला ४८ बिटांचा आकडा. मग ते साऱ्या नेटवर्कला ऐकू जाईल अशी हाक मारतं: मी अमुक, मला कोणी जागा देतं का? डीएचसीपी सर्व्हर उत्तर देतो. हा घे तुझा आयपी पत्ता, हा बाहेर जायचा रस्ता, फाइल अमुक सर्व्हरकडे आहे, फाइलचं नाव तमुक. मशीन त्या सर्व्हरकडे जातं, त्या नावाची फाइल आणतं आणि ती चालवायला लागतं. फाइलीत काय आहे हे त्याला कळत नाही. सांगणारा खरा की खोटा, हेही कळत नाही.

या पुस्तकाचा सगळा विषय या एका मिनिटाचा आहे. लेखक माझ्या निम्म्या वयाचा. इच्छापोरच्या एका हिरे कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. “आप्पा, प्रस्तावना तुम्हीच लिहा, तुम्हाला टाळता येणार नाही,” असं म्हणून हस्तलिखित ठेवून गेला. टाळता मला आलंही नाही.

इच्छापोर म्हणजे तापीच्या पश्चिमेला, सुरतहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. पुढे हजिऱ्याचे पोलाद, खत आणि वायूचे अवाढव्य कारखाने. अलीकडे जीआयडीसीचं जेम अँड ज्वेलरी पार्क. जगातले बहुतांश हिरे सुरतेत पैलू पाडून बाहेर जातात हे सर्वांना माहीत आहे. तो दगड घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, चढण्याआधी कितीतरी वेळ कॉम्प्युटरवर असतो, हे मात्र बाहेरच्याला माहीत नसतं. कच्चा हिरा स्कॅन होतो, त्याच्या पोटातले डाग आणि भेगा तिन्ही मितींत टिपल्या जातात, मग एकेका मशीनसमोर बसलेला प्लॅनिंगवाला त्या दगडातून किती वजन निघेल, कोणत्या आकारात निघेल, याचे वेगवेगळे पर्याय ताडून पाहतो. दगडाचा हा नकाशा मालकाला दगडाइतकाच जपायचा असतो. म्हणून या खोल्यांत डिस्क नसलेलं मशीन आवडीने वापरलं जातं. ज्यात काही उरतच नाही, त्यातून चोरायचं काय? (मोबाइलने पडद्याचा फोटो काढता येतो, हे मी एका मालकाला सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तो मीच काढणार होतो.)

माझं या विषयाशी नातं जुळलं ते चोरीच्या भीतीतून मात्र नव्हे. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाईतून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. मी तेव्हा अडाजणमधल्या एका ऑफिसात होतो, तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर आम्ही चाळीस डबे उघडले. मदरबोर्डवर गाळ, फॅनमध्ये गाळ, हार्ड डिस्कच्या खालच्या हिरव्या पाटीवर गाळ. वाचल्या तेवढ्या वाचवल्या, बाकीच्या नव्या आणल्या आणि मग एकेका मशीनमध्ये सीडी घालून पुन्हा सगळं बसवायला सुरुवात केली. एका मशीनला तास-दीड तास. सीडी तीन. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या एका सीडीवर ओरखडा पडला. त्या रात्री शेजारच्या इमारतीतल्या एका दक्षिणी गृहस्थांनी मला विचारलं, “तुम्ही नेटवर्कवरून का नाही करत?” मला वाटलं, ते इंटरनेटबद्दल बोलताहेत.

त्यांनी दाखवलेली, नेटवर्कवरून मशीन उठवायची युक्ती तेव्हाच वीस वर्षं जुनी होती. १९८०च्या दशकात डिस्क महाग होती, म्हणून सनसारख्या कंपन्यांनी डिस्कच नसलेली वर्कस्टेशन विकली. सगळ्यांच्या फाइली एका मोठ्या सर्व्हरवर. अशा मशीनने सुरुवात कशी करायची, याचे नियम त्याच सुमारास लिहिले गेले. इंटरनेटचे नियम ज्या टिपणांत असतात त्यांना आरएफसी म्हणतात. जून १९८४च्या ९०६ क्रमांकाच्या टिपणात टीएफटीपी या फाइल आणायच्या साध्या प्रोटोकॉलने बूट कसं करायचं, म्हणजे मशीन कसं उठवायचं, ते आहे. सप्टेंबर १९८५च्या ९५१ क्रमांकाच्या टिपणात बूटपी आहे, आपल्या आजच्या डीएचसीपीचा बाप. डीएचसीपी १९९३मध्ये आला. इंटेलने या सगळ्याची मोट बांधून पीएक्सई नावाचं मानक केलं, त्याची २.१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९९ची. आज दुकानातून आणलेल्या जवळजवळ कोणत्याही कॉम्प्युटरच्या बूट मेनूत ‘नेटवर्क’ म्हणून जी ओळ दिसते, तिची वंशावळ एवढी.

एक कडी मात्र बहुतेक पुस्तकं गाळतात आणि याही पुस्तकात ती नव्हती. ती घालायला मी लेखकाला भाग पाडलं. पुण्यात १९८८मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१मध्ये तिचं परम ८००० उभं राहिलं. त्याच्या पोटात ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. या ट्रान्सप्युटरची गंमत अशी, की त्याची एक पिन खाली ओढून ठेवली की तो स्वतःच्या रॉमकडे पाहतच नाही. आपल्या चार जोडण्यांपैकी कुठूनही पहिला बाइट येण्याची वाट पाहत बसतो. तो बाइट शून्य असेल तर मेमरीत काहीतरी लिहायचं, एक असेल तर मेमरीतलं वाचून दाखवायचं, आणि दोन किंवा त्याहून मोठा असेल तर तेवढे बाइट पुढून येणार आहेत, ते घ्यायचे आणि चालवायचे. म्हणजे एका बाइटचा प्रोटोकॉल. जास्तीत जास्त २५५ बाइटांचा तो पहिला तुकडा पुढच्या मोठ्या तुकड्याला बोलावतो, आणि मग हाच खेळ शेजारच्या ट्रान्सप्युटरवर. प्रोग्रॅम असा एकातून दुसऱ्यात सरकत जाई. दूरवरून बूट करणं याहून कमी सामानात करून दाखवलेलं मला माहीत नाही.

पुणे जिल्ह्यातच दुसरं उदाहरण आहे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचे संकेत हाताळायला नूतनीकरणात रोच नावाच्या पाट्या बसवल्या गेल्या. या जातीच्या पाटीवर एक छोटा पॉवरपीसी प्रोसेसर असतो आणि त्याला लिनक्सचा गाभा टीएफटीपीने व बाकीची फाइल व्यवस्था एनएफएसने नेटवर्कवरून पुरवता येते. तारे ऐकणाऱ्या पाटीला आणि हिरे पाहणाऱ्या मशीनला उठवायची रीत एकच.

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे येतो: कोणता प्रोटोकॉल निवडायचा. बाजारातली पुस्तकं इथे एक तक्ता देतात, एका बाजूला टीएफटीपी, दुसऱ्या बाजूला एचटीटीपी, मध्ये बरोबरच्या आणि चुकीच्या खुणा. लेखकाने तक्ता दिलेला नाही, याचं मी मनापासून कौतुक करतो. खाली बसून टीएफटीपीचं एकेक पाकीट त्याने उलगडून दाखवलं आहे, आणि टीएफटीपी नीट समजला की तक्त्याची गरज उरत नाही.

टीएफटीपी वीट वाहण्यासारखा आहे. एक वीट हातात दिली, समोरच्याने “मिळाली” म्हटलं, की दुसरी. “मिळाली” ऐकू येईपर्यंत दुसरी उचलायची नाही. वीट ५१२ बाइटांची. ती ५१२पेक्षा कमी भरली, म्हणजे शेवटची. त्याला लॉगिन नाही, पासवर्ड नाही, फोल्डरमध्ये काय काय आहे ते दाखवायची सोय नाही. नाव सांगा, फाइल घ्या. या गरिबीमुळेच तो टिकला. १९८१चं टिपण, १९९२मध्ये सुधारलेलं, आणि त्याचा कोड नेटवर्क कार्डाच्या चिमूटभर रॉममध्ये मावत असे. टीसीपी तिथे मावत नव्हता. टीएफटीपी कोणी चांगला म्हणून निवडला नाही. जागाच तेवढी होती. शहरात आल्यावर पहिली खोली आपण अशीच घेतो.

या गरिबीची किंमत मोजून पाहण्यासारखी आहे. समजा, आणायची फाइल ३० मेगाबाइटची. ५१२च्या हिशोबाने ६१,४४० विटा. एक वीट जाऊन “मिळाली” परत यायला एक मिलिसेकंद लागला, तर एक मिनिटाच्या थोडं वर. चालण्यासारखं आहे. १९९८च्या आरएफसी २३४८ने वीट मोठी करायची परवानगी दिली. इथरनेटच्या १५०० बाइटांतून आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि टीएफटीपीचे स्वतःचे ४ वजा केले की उरतात १४६८. तेवढी वीट घेतली तर फेऱ्या २१,४२९ आणि वेळ एकवीस-बावीस सेकंद. आता तीच फाइल इच्छापोरच्या मशीनने पुण्यातल्या सर्व्हरवरून आणायची ठरवली आणि जाण्यायेण्याला २० मिलिसेकंद धरले, तर ५१२च्या विटांनी वीस मिनिटांहून जास्त. तार कितीही जाड घ्या, फरक पडत नाही, कारण वेळ तारेत जात नाही, वाट पाहण्यात जातो. “आपली लाइन तर शंभर एमबीपीएसची आहे, मग हे इतकं सावकाश का?” हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे, की हा परिच्छेद छापून भिंतीवर लावायचा माझा विचार आहे. जानेवारी २०१५च्या आरएफसी ७४४०ने एका दमात अनेक विटा पाठवून एकदाच “मिळाल्या” घ्यायची सोय केली. पण ती दोन्ही टोकांना माहीत असावी लागते, आणि जुन्या कार्डांना ती माहीत नाही.

विटांना नंबर असतो, १६ बिटांचा. म्हणजे ६५,५३५ विटांनंतर नंबर संपतात. ५१२च्या विटांत ही मर्यादा जेमतेम ३२ मेगाबाइटला येते. त्यानंतर शून्यापासून मोजायचं की एकपासून, हे मूळ नियमात नाही. एका कंपनीचा सर्व्हर शून्य म्हणतो, दुसऱ्या कंपनीचं मशीन एक म्हणतं, आणि फाइल ३२ मेगाबाइटला येऊन उभी राहते. हा दोष एकदा ज्याने पाहिला, तो पडद्यावर ३२चा आकडा दिसताच ओळखतो.

टीएफटीपीच्या आणखी एका जुन्या दोषाला जादूगाराच्या शिकाऊ पोऱ्याचं नाव मिळालं आहे. त्या गोष्टीत पोरगा झाडूला पाणी भरायला लावतो आणि थांबवायचा मंत्र त्याला येत नाही. इथे एखादं “मिळाली” हरवत नाही, फक्त उशिरा पोचतं. पाठवणारा कंटाळून तीच वीट पुन्हा देतो, घेणारा पुन्हा “मिळाली” म्हणतो, आता दोन पावत्या, दोन्हींना पुढची वीट, आणि तिथून शेवटपर्यंत प्रत्येक वीट दोनदा. १९८९च्या आरएफसी ११२३ने सांगितलं, की दुसऱ्यांदा आलेल्या पावतीला उत्तरच द्यायचं नाही. एवढ्या साध्या प्रोटोकॉललाही स्वतःची भुतं असतात. ही हकीकत लेखकाने खरोखर रंगवून सांगितली आहे, आणि पाकिटांचे नमुने जोडले आहेत ते खरेखुरे आहेत.

मग टीएफटीपी सोडायचा का? इथे लेखकाचं आणि माझं पूर्ण एकमत आहे: सोडायचा, पण उंबऱ्यापर्यंत वापरून. टीएफटीपीने एकच छोटी फाइल आणायची, आणि ती फाइल अशी असावी, जिला एचटीटीपी बोलता येतं. आयपीएक्सई नावाचा मुक्त प्रोग्रॅम नेमका यासाठी आहे. १९९५च्या सुमाराच्या इथरबूटचा हा वारसदार २०१०पासून या नावाने चालतो. जुन्या बायोससाठीची त्याची फाइल शंभर किलोबाइटच्या आसपास. टीएफटीपीला ती क्षणाची आहे. ती चालू झाली की पुढचं जड सामान एचटीटीपीने, म्हणजे टीसीपीवरून. टीसीपी एकेका विटेला थांबत नाही, हरवलेलं पाकीट पटकन भरून काढतो, आणि पलीकडे साधा वेब सर्व्हर पुरतो. तो कोणालाही बसवता येतो आणि त्याच्या लॉगमध्ये कोणत्या मशीनने काय, कधी नेलं ते मराठी शाळेतला मुलगाही वाचू शकेल. बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयच्या २०१५च्या २.५ आवृत्तीपासून तर फर्मवेअरमध्येच एचटीटीपी बूट येऊ लागलं. तिथे टीएफटीपीचा उंबराही नको. जागा वाढली, खोली बदलली.

या साखळीत नवखा माणूस हमखास एका ठिकाणी अडकतो. मी दोन दिवस अडकलो होतो. मशीनने हाक मारली, डीएचसीपीने सांगितलं आयपीएक्सई आण, मशीनने आणला. आयपीएक्सई उठल्यावर तोही पुन्हा हाक मारतो. डीएचसीपीने त्यालाही तेच सांगितलं: आयपीएक्सई आण. पुन्हा आणला. मी पडद्यासमोर चहा पीत पाहत होतो आणि मला वाटत होतं, काम चाललं आहे. उपाय एका ओळीचा आहे: हाक मारणारा स्वतःला आयपीएक्सई म्हणवत असेल, तर त्याला पुढची स्क्रिप्ट द्यायची. पुस्तकात ती ओळ चौथ्या प्रकरणात ठळक छापली आहे. हाक मारणारा बायोसचा की यूईएफआयचा, हेही तो हाकेतच सांगतो, डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या पर्यायात: शून्य म्हणजे जुना बायोस, सात म्हणजे ६४ बिटी यूईएफआय, सोळा म्हणजे एचटीटीपीने बूट होऊ पाहणारा यूईएफआय. दोघांना एकच फाइल देऊन चालत नाही. दिली, तर काळा पडदा आणि शांतता.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही प्रस्तावना लिहायला तयार झालो, ती सांगतो. प्रोटोकॉलची निवड टेबलावरच्या एका मशीनवर करू नका. ती सकाळी आठ वाजता करा. तीही दिवाळीच्या लांब सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी, जेव्हा कारखाना तीन आठवड्यांनी उघडतो, पूजा होते, पेढा वाटला जातो आणि मग साठ माणसं एका मिनिटात साठ बटणं दाबतात. टेबलावर सुरेख चाललेलं सगळं त्या मिनिटात उघडं पडतं. साठ मशीनना प्रत्येकी ४०० मेगाबाइट हवे, म्हणजे २४ गिगाबाइट. सर्व्हरमधून एकच गिगाबिटची तार निघत असेल, तर तिच्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइट मिळाले तरी खूप. म्हणजे सर्वांना मिळून साडेतीन मिनिटांच्या वर. हा सगळ्यात चांगला हिशोब झाला. मध्ये कुठे जुना १०० एमबीपीएसचा स्विच बसलेला असेल, तर दहापट, छत्तीस मिनिटं. त्या गर्दीत पाकिटं पडतात. टीएफटीपीत पडलेल्या पाकिटामागे पूर्ण सेकंद वाट पाहणं येतं, आणि साठांपैकी दहा-बारा जण कंटाळून चूक दाखवतात. लोक पुन्हा बटण दाबतात. म्हणजे आणखी गर्दी.

त्या सकाळी कामाला येतं ते वेगळंच ज्ञान. सर्व्हरला दोन तारा जोडणं. मशीन टप्प्याटप्प्याने उठवणं. फाइल मुळातच लहान करणं, जे कोणी करत नाही, कारण त्यात कौतुक नाही. स्विचवर स्पॅनिंग ट्रीचं जे थांबणं असतं, जोडणी दिसल्यापासून तीसएक सेकंद तो पोर्ट काही पुढे जाऊ देत नाही, ते मशीनच्या पोर्टवर बंद करणं. पीएक्सईची हाक ४, ८, १६, ३२ सेकंदांच्या अंतराने जाते. त्यातल्या पहिल्या हाका स्विच नुसत्या गिळून टाकतो आणि माणूस डीएचसीपी सर्व्हरला शिव्या घालत बसतो. मी घातल्या आहेत.

आणि फलाटावर खोटा माणूस उत्तर द्यायला उभा असला तर? एका कारखान्यात (नाव सांगत नाही) क्रिकेटचा मोठा सामना होता. कोणीतरी घरून वायफायचा डबा आणला आणि मोबाइलवर मॅच दिसावी म्हणून भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसला, तोही उलट्या पोर्टात. घरचा डबा बिचारा सवयीने डीएचसीपी वाटू लागला. दुसऱ्या सकाळी अर्धी मशीन उठली, अर्धी पीएक्सई-ई५३ दाखवून बसली, म्हणजे पत्ता मिळाला पण फाइलचं नाव नाही. कोणाला आधी कोणाचं उत्तर पोचलं, यावर नशीब ठरत होतं. तो डबा भोळा होता. एखादा मुद्दाम ठेवलेला असता, तर त्याने फाइलचं नावही दिलं असतं, आणि साठ मशीननी ती फाइल मुकाट्याने चालवली असती. म्हणून स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग लावून एका पोर्टखेरीज कोणाचंच उत्तर पुढे जाऊ द्यायचं नाही. टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये पासवर्ड असलेली कोणतीही फाइल ठेवायची नाही, कारण ज्याला नाव माहीत त्याला ती मिळते. सिक्युअर बूट चालू ठेवून सही नसलेली फाइल मशीननेच नाकारावी, अशी सोय करायची. तरीही सावध राहायचं: जानेवारी २०२४मध्ये क्वार्क्सलॅबच्या संशोधकांनी यूईएफआयच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मुक्त कोडमधल्या नेटवर्क भागात नऊ दोष जाहीर केले. सहीची तपासणी फाइल आल्यावर होते. हे दोष त्याआधी, पाकीट उलगडतानाच लागू होणारे होते.

थोडी तक्रारही करतो, नाहीतर प्रस्तावना कसली. एनएफएस आणि आयस्कझी यांना लेखकाने मिळून अकरा पानं दिली आहेत. कमी आहेत. बूट होणं एका मिनिटाचं, पण डिस्क नसलेलं मशीन पुढचे दहा तास सर्व्हरवरच जगत असतं. एनएफएसवर चालणाऱ्या मशीनची तार सफाईवाल्याच्या झाडूने निघाली, तर ते मरत नाही. सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे, एवढं लिहून गोठून बसतं, आणि तार परत लावली की जिथे होतं तिथून पुढे चालतं. आयस्कझीत मशीनला वाटतं, आपल्याला खरी डिस्क आहे. त्यामुळे विंडोजलाही ते चालतं, आणि हिऱ्याच्या खोल्यांत प्रोग्रॅम विंडोजवरचे असतात. पण इथे तार निघाली आणि ठरलेल्या वेळात लागली नाही, तर डिस्कच उपटली असं मशीन समजतं, आणि पुढे निळा पडदा. हा फरक माणसाला पहिल्या आठवड्यात कळायला हवा. पुढच्या आवृत्तीत पानं वाढवावीत.

वेक-ऑन-लॅनचं प्रकरण मात्र मला आवडलं. झोपलेल्या मशीनला उठवणारं ते पाकीट मजेदार असतं: सहा बाइट नुसते एफएफ, मग त्या मशीनचा मॅक पत्ता सलग सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. गाढ झोपलेल्या पोराला आई नावाने हाका मारत राहते, तसं. पण वीज पूर्ण जाऊन आली असेल, तर कित्येक मशीनचं कार्ड ती हाक ऐकायच्या स्थितीतच नसतं. पावसाळ्यात हे रोजचंच. बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप चालू व्हायची खूण आधी करून ठेवायला हवी, हे लेखकाने तळटीपेत लिहिलं होतं. मी ते वर, मजकुरात आणायला लावलं.

भाषेबद्दल एकच. लेखकाने ‘बूट’ला मराठी शब्द शोधलेला नाही, आणि बरं केलं. सुरतेतली आमची पोरं “मशीन उठलं का?” असं विचारतात. तोच शब्द पुस्तकभर आहे. पोर्ट, स्विच, पाकीट, लॉग हे सगळे जसे बोलले जातात तसेच आहेत. गुजरातीतून आलेले दोन-चार शब्द पुण्याच्या वाचकाला खटकतील. खटकू देत.

सातव्या प्रकरणाच्या शेवटी एका सकाळी टिपलेल्या पाकिटांची यादी आहे, आठ वाजून दोन मिनिटांपासूनची. ती माझ्याच खोलीतली आहे. एका मशीनच्या हाकेला तिच्यात तीन उत्तरं आली आहेत. पहिलं डीएचसीपीचं, दुसरं बूटची फाइल सांगणाऱ्या सर्व्हरचं. तिसरं कोणाचं, ते लेखकाने छापलेलं नाही आणि मीही सांगणार नाही. मॅक पत्त्याचे पहिले तीन बाइट नीट पाहा, म्हणजे ते यंत्र कोणत्या कंपनीचं हे कळेल. मग खोलीत ते कुठे असू शकतं, याचा विचार करा. आम्हाला ते प्रिंटरच्या मागे सापडायला चार दिवस लागले होते, एवढा इशारा पुरे.

इच्छापोर, सुरत